सहाव्या घंटेनंतरचा श्वास

घंटा बंद करायला गेले आणि दोरीलाच लटकले, अशी गत झाली माझी.

इंग्लंडला शिकायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. नॉर्विचमध्ये चर्चच्या मागच्या गल्लीत मी खोली घेतली होती. बुधवारी संध्याकाळी पुस्तक उघडून बसते न बसते तोच डोक्यावर घंटांची घणघण सुरू. थोडा वेळ सोसलं. मग कोट चढवला आणि निघाले. घरमालकीण मागून सांगत होती, इथे असं तोंडावर जाऊन कुणी बोलत नाही, फार तर चिठ्ठी लिहितात. लिहीत असतील. मी ओक्लाहोमाची. माझे बाबा गुरांचे लिलाव पुकारतात, आणि लिलावात जो गप्प बसला त्याची गाय गेली, हे मी बोलायला लागण्याआधी शिकले.

भुरभुर पावसातून चर्च गाठलं, मनोऱ्याचा गोल जिना चढले आणि दार ढकललं. आत पाच माणसं पाच दोऱ्या धरून गोलात उभी होती. सहावी दोरी नुसतीच लोंबत होती.

"दार लाव पोरी, वारा शिरतोय," लोकरीची टोपी घातलेली एक बाई म्हणाली. ही मॉरीन, मनोऱ्याची मुकादम.

"मला अभ्यास करायचाय," मी म्हणाले. "हे किती वेळ चालणार?"

"चारेकशे वर्षं चाललंय," खिडकीजवळचा मुलगा म्हणाला. "पण आज नऊला थांबवू."

उंच, किडकिडीत, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. हे सगळं तो माझ्याकडे नाही, स्वतःच्या बुटांकडे बघून बोलला. पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, ते मी टिपलं.

"अमेरिकेची का?" त्याने विचारलं.

"कशावरून?"

"घंटा अजून डुलतायत, पण ऐकू फक्त तू येतेयस."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मॉरीन मात्र मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होती, बाबा एखाद्या कालवडीला न्याहाळतात तशी. त्यांच्यातली एक घंटा वाजवणारी बाई लेकीकडे राहायला गेली होती म्हणे. आणि नोव्हेंबरात विल्फच्या, म्हणजे ह्या बूटवाल्याच्या बहिणीचं लग्न. सहा माणसं नसतील तर शेजारच्या चर्चमधून एक उसना आणावा लागणार.

"त्यापेक्षा बहिणीला बिनलग्नाची ठेवू," विल्फ म्हणाला.

"मी शिकले तर?" मी म्हणाले. कोणी विचारलंच नव्हतं. पण मी अशीच आहे.

घंटा शिकवायची इथली तऱ्हा न्यारी. एकाच दोरीला दोघं. मधला लोकरीचा गुबगुबीत भाग मी ओढायचा आणि लगेच सोडायचा. मग दोरीचं टोक विल्फ ओढणार. मग परत मी. समोरासमोर उभं राहायचं, एका दोरीच्या अंतरावर.

"आणि नाही सोडलं तर?"

"तर छताला भेटून येशील."

मी अर्थातच सोडलं नाही. वर घंटा उलटली, दोरी सुटली वर आणि तिच्याबरोबर मीही. पाय जमिनीवरून सुटले... आणि दुसऱ्या क्षणी कमरेला एक हात पडला आणि मी परत खाली.

"सोड म्हणालो होतो," त्याचा श्वास चढला होता.

"आम्ही धरलेलं सहजासहजी सोडत नाही."

"दिसलं."

"आणि तुम्ही?" मी त्याच्या हाताकडे बघितलं. तो अजून माझ्या कमरेलाच होता.

तव्याचा चटका बसावा तसा त्याने हात काढला. कान लालबुंद. त्या रात्री मला झोप कुठली यायला.

मग आठवड्यातून तीनदा आम्ही दोघं त्या थंडगार खोलीत. विल्फ माझ्याच विद्यापीठात नद्यांवर काहीतरी शिकत होता, राहायला घरीच. येताना थर्मासमध्ये चहा आणायचा. दुसऱ्या आठवड्यापासून त्यात साखर असायची, कारण मी एकदा बिनसाखरेचा पिऊन तोंड वाकडं केलं होतं. तो काही बोलला नाही. नुसती साखर घातली.

मला तो आवडला होता. आडपडदा कशाला? पण मी डिसेंबरात परत जाणार की जूनपर्यंत राहणार, हे लग्नानंतरच्या सोमवारी विद्यापीठाला कळवायचं होतं. मला राहायचं होतं. फक्त त्याने एकदा तोंड उघडून राहा म्हणावं, एवढंच हवं होतं. आणि हा पठ्ठ्या बोलायचा तो असा — "मला वाटतं... म्हणजे, तसं..." की मध्येच त्याचं वाक्य मी पुरं करून टाकायची. मग तो म्हणायचा, "हं, तसंच काहीतरी."

ऑक्टोबर संपता संपता मॉरीनने मला सगळ्यांबरोबर उभं केलं. माझी पहिली घंटा, सगळ्यात छोटी. विल्फची सहावी, सगळ्यात जड. सुरुवातीची हाकही पहिलीवालीच देते. "सावध... ओढते... ओढली," म्हणायचं की पाठोपाठ बाकीच्या सुरू.

एक गोष्ट काही केल्या जमेना. सहा घंटांच्या दोन फेऱ्या झाल्या की तिसरीच्या आधी एक ठोका रिकामा सोडायचा असतो. एक श्वास. मग पहिली घंटा. मी काही थांबायची नाही. विल्फची घंटा वाजली रे वाजली की माझी त्याच्या डोक्यावर.

"श्वास," मॉरीन म्हणायची. "पोरी, तेवढी जागा सोडली नाहीस तर खाली रस्त्यावर वाटतं, कुणाच्या माळ्यावरून पातेली गडगडली."

"पण मी थांबले की वाटतं, मी चुकलेच."

"विल्फकडे बघ. त्याची दोरी पुरी खाली येऊ दे. मग तू."

बघत तर होतेच. तीच तर पंचाईत होती.

लग्नाच्या आदल्या गुरुवारी सराव झाल्यावर सगळे नेहमीसारखे कोपऱ्यावरच्या पबमध्ये गेले. आम्ही दोघं मागे राहिलो, चर्चच्या फाटकाशी. भुरभुर होतीच. त्याने छत्री माझ्यावर धरली होती आणि स्वतः भिजत होता.

"डेलेनी," तो म्हणाला, "शनिवारी लग्न झालं, की... म्हणजे मला असं वाटतं, की तू..."

"मी मोकळी. हेच ना?" मी म्हणाले. हसतच म्हणाले. "तुम्हाला सहावं माणूस हवं होतं, मिळालं. लग्न झालं, काम झालं."

तो माझ्याकडे बघत राहिला. नाही म्हण, मी मनात म्हणत होते. अरे, नाही म्हण ना.

"कळलं मला," मी म्हणाले, कारण तो गप्प होता आणि मला ते सहन होईना. "ठीक आहे. उलट बरंच झालं."

"बरं," तो म्हणाला. छत्री माझ्या हातात दिली आणि पबच्या उलट्या दिशेला चालू पडला.

शुक्रवार मी रडण्यात आणि रागावण्यात घालवला. सोमवारी डिसेंबर कळवायचं, ठरलं. बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याने स्वतः नक्की काय म्हटलं?"

"बरं म्हणाला."

"आणि त्याआधी?"

त्याआधीचं मला सांगता येईना. त्याआधी सगळं मीच बोलले होते.

शनिवारी मनोऱ्यात सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. विल्फने निळी टाय लावली होती. त्याने मान हलवली, मीही हलवली. लग्न लागून खाली चर्चचं दार उघडल्याची खूण मिळाली. मी दोरी धरली.

"सावध," मी म्हणाले. "ओढते... ओढली."

पहिली, दुसरी, तिसरी... सहावी. परत एकदा. विल्फची दोरी खाली आली, त्याची घंटा वाजली — आणि मी थांबले. त्या रिकाम्या ठोक्यात मी त्याच्याकडे बघत होते, बघायचंच असतं. आणि तो माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बहिणीच्या लग्नाचं नव्हतं, घंटांचंही नव्हतं. मी ओढली. दोन फेऱ्या, परत तो ठोका, परत तेच डोळे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या माणसाला मी आजवर एक वाक्य पुरं करू दिलेलं नाही.

अख्खं वादन मी एकदाही चुकले नाही. मॉरीनने टोपी काढून मला मिठी मारली आणि सगळ्यांना केक खायला खाली हाकललं. आम्ही दोघं दोऱ्या गुंडाळून अडकवायला राहिलो.

"छान वाजवलंस," तो म्हणाला.

"हं."

"गुरुवारी मी..." तो थांबला. दहा उत्तरं माझ्या तोंडाशी आली. मी जीभ दातांखाली धरली. एक श्वास गेला. दुसरा गेला. लिलावात एव्हाना अख्खा गोठा विकला गेला असता.

"गुरुवारी मी म्हणणार होतो की जाऊ नकोस," विल्फ म्हणाला. बुटांकडे नाही, माझ्याकडे बघून. "घंटेसाठी नाही. मॉरीनला कोणीतरी मिळेल. आणि तुला जायचंच असेल तर जा, तो तुझा प्रश्न. पण मला..."

मी दोरी घट्ट धरली.

"मला तू आवडतेस. भांडायला वर आलीस ना, त्या दिवसापासून."

मी गप्प.

"डेलेनी? काहीतरी बोल ना. तू गप्प बसलीस की मला भीती वाटते."

"एक श्वास सोडत होते," मी म्हणाले. "मग मी, असंच असतं ना?"

तो हसायला लागला. पहिल्यांदाच असा, मोकळा, दात दिसेपर्यंत.

"सोमवारी मी जून कळवणार आहे," मी म्हणाले. "आणि तूही मला आवडतोस. चहात साखर घातलीस तेव्हापासून. पुरं झालं तुझं बोलून?"

"हो. म्हणजे... तसं..."

मी थांबले.

"हो," तो म्हणाला. "पुरं झालं."

जिन्याखालून मॉरीन ओरडत होती, की केक संपत आलाय. मी दोरी अडकवली, दोन पावलं पुढे गेले आणि त्याची निळी टाय मुठीत धरली.

"सावध," मी म्हणाले. "ओढते..."