दुसऱ्यांदा चिकटवलेलं खोकं

"ते घेऊ नका."

आवाज मागून आला. वळून बघायचंही त्राण तिच्यात नव्हतं. दिवसभर दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून, लोकांच्या तोंडात नळी धरून तिच्या पायांचे तुकडे पडले होते. त्यावर संध्याकाळी जुन्या खेळण्यांच्या बाजारात भटकायची हौस कुणाला असते हो? पण वाफेच्या इंजिनाचा तो जुळवायचा सेट दुकानांतून कधीच गायब झाला होता, आणि इथे तो समोर होता. चक्क सीलबंद!

"अहो, खरंच... ते एकदा उघडून पुन्हा चिकटवलंय."

आता तिनं पाहिलं. उंच, किडकिडीत, आणि शर्टाच्या खिशात भिंग. बाजारात भिंग घेऊन फिरणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"तुम्ही कोण? खोक्यांचे डॉक्टर?"

"चष्म्याच्या दुकानात असतो. बारीक बघायची खोड काही जात नाही." त्यानं खोक्याच्या कडेवर भिंग धरलं. "कारखान्याचा गोंद ठिपक्याठिपक्यांनी, सरळ रेषेत असतो. इथे तो बाहेर आलाय. पुठ्ठ्याचे तंतू उठलेत. आणि चिकटपट्टीखाली आधीच्या पट्टीची खूण... दिसली?"

"घ्यायचं नसेल तर पुढे व्हा!" विक्रेता खेकसला.

दोघं निमूटपणे पुढे झाली. "आत काय निघालं असतं?" तिनं विचारलं.

"नशीब असेल तर निम्मे पार्ट. माझ्या खोक्यात एकदा वाळू निघाली. वजन मात्र बरोब्बर होतं हं!"

ती खळखळून हसली, आणि हसता हसता तिचे डोळेच भरून आले. तो बिचारा गडबडला. पावसाची भुरभुर सुरू झाली होती म्हणून दोघं एका छपराखाली उभी राहिली, आणि परक्या माणसाला कुणी सांगत नाही ते तिनं सांगून टाकलं.

तिचे बाबा जन्मभर फिटर. गेल्या वर्षी आजारानं उजवा हात गेला. डाव्या हाताला चाळा हवा, म्हणून तिनं क्रेनचा सेट आणला. नेमका क्रेनचा आकडाच, तिचा हूक, खोक्यात नव्हता.

"गादीखाली, कपाटाखाली, सगळीकडे शोधला त्यांनी. मग म्हणाले, 'पोरी, मीच कुठेतरी टाकला आणि विसरलो. डोकंही गेलं आता माझं.' तेव्हापासून कशाला हात लावत नाहीत. खोकंच खोटं होतं म्हटलं, तर म्हणतात, लेक आहेस, समजूत घालणारच."

"म्हणजे या वेळी एकही पार्ट कमी पडून चालणार नाही..."

"नाही चालणार."

मग काय, दर शनिवारी दोघं बाजारात. तो खोकी बघायचा आणि ती त्याच्याकडे बघायची. तो तिला 'दातवाली' म्हणू लागला, ती त्याला 'चष्मेवाले'.

"हसा की जरा, दातवाली. दात एवढे चांगले आहेत."

"तुम्हाला जवळचं दिसतं का हो, चष्मेवाले?"

"जवळचं दिसतं... बोलता येत नाही."

यावर ती लाजली, आणि खोकं उलटं धरून उगाच वाचत बसली.

एका शनिवारी त्यानं इंजिनाचं खोकं तिच्या हातात ठेवलं. "ओळखीच्यांकडे मिळालं. सीलबंद." पण तो नजर चुकवत होता.

घरी तिनं दिव्याखाली धरून पाहिलं. गोंद बाहेर आला नव्हता, पण ठिपकेही नव्हते. दुसऱ्यांदा चिकटवलेलं!

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती तडक चष्म्याच्या दुकानात शिरली. गल्ल्यावर त्याची आत्या बसली होती. आत्याकडे न बघता त्याच्यासमोर खोकं आपटून ती म्हणाली, "हे उघडलेलं आहे."

"हो. मीच उघडलं."

"म्हणजे तुम्हीही त्यातलेच?"

"नाही हो!" त्यानं चष्मा काढला. "सीलबंदच होतं. पण मला राहवेना. चूक कारखान्याचीही होऊ शकते. म्हणून उघडून मोजलं... आणि खरंच एक चाक कमी निघालं!"

"मग?"

"मग घातलं."

"कुठून?"

तो काचेवरच्या फ्रेमी सारख्या करू लागला.

"सांग की आता, मूग गिळून काय बसलास!" आत्या कडाडली. "अगं, याचं स्वतःचं असंच इंजिन कपाटात होतं, सील न फोडलेलं. धूळसुद्धा पुसू देत नव्हता मेला. तेच फोडलं, एका चाकासाठी!"

ती समोरच्या खुर्चीत बसली. "पण मग लपवलंत कशाला?"

"सील बाबांनी फोडावं असं वाटलं. आणि... तुम्ही घेतलंच नसतं."

"मी फार दमलेय हो," ती म्हणाली. "औषधं तपासा, बिलं तपासा, खोकी तपासा. एक तुमचं तेवढं मी काही तपासत नव्हते. तेवढाच विसावा होता मला. तोही घालवलात ना!"

"चुकलं माझं." बराच वेळ तो चष्मा पुसत राहिला. "तुम्ही मला आवडता. हे बोलायचं होतं, ते बोललो नाही, आणि खोकं चिकटवत बसलो."

आत्या एकदम आत निघून गेली. शहाणी बाई.

"कळलं ते," ती डोळे पुसत म्हणाली. "मलाही आवडता. पण संध्याकाळी घरी यायचं, आणि बाबांना सगळं तुम्हीच सांगायचं."

संध्याकाळी त्यानं अथपासून इतिपर्यंत सांगितलं. बाबा खोक्याकडे बघत राहिले.

"सीलबंद होतं? तरी चाक नव्हतं?"

"नव्हतं."

"तुम्ही स्वतः मोजलंत?"

"दोनदा."

बाबांनी खोक्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "म्हणजे तो आकडा... मी नव्हता हरवला."

"नाही, काका."

डाव्या हातानं त्यांनी खोकं हळूच पुढे ओढलं. "बसा, उभे का? या बाजूनं धरा जरा." मग लेकीकडे वळून म्हणाले, "आणि तू जाऊन पड बघू. आम्ही दोघं आहोत ना इथे."

ती आत जाऊन पडली. बाहेर पुठ्ठा फाटल्याचा आवाज आला, पाठोपाठ दोघांचं हसू. पुढचं काही तिला ऐकू आलं नाही, कारण तिला झोप लागली होती.