चौथा पाइप

मीटरवाला आमच्या गॅरेजमध्ये शिरला तो चुकून. निघाला होता पलीकडच्या टायरवाल्याकडे. बाबांनी त्याच्या गाडीचा आवाज ऐकला आणि हातानंच खूण केली — इकडे घे. बाबांचा तो शेवटचा साधा दिवस.

“सायलेन्सरचा पाइप कुणी बदलला?”

“मीच. जाड टाकला. धूर मोकळा गेला की ताकद वाढते ना?”

“मग, वाढली?”

“चढावर मान टाकते…”

मी हसले. इंजिनाची ताकद मोजायचं मशीन चालवणं हाच त्याचा धंदा, म्हणून तर तो मीटरवाला.

“मोजतो मी, बनवत नाही,” तो माझ्याकडे बघत म्हणाला.

“जाड पाइपात धूर रेंगाळतो,” बाबा म्हणाले. “बेताचा पाइप असला की वेगानं निघतो आणि मागच्या धुराला ओढून नेतो. चार सिलिंडर, चार पाइप, चारही सारख्या लांबीचे. करून देतो.”

वाकवलेल्या पाइपात पाणी भरायचं आणि ते मापात ओतायचं. सगळ्यांत सारखं मावलं की लांबी सारखी. ही बाबांची रीत. संध्याकाळपर्यंत तीन पाइप झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप हातात असताना, बाबा गेले.

अठरा दिवसांनी मी शटर उघडलं. मीटरवाला म्हणाला, “घाई नाही.” आणि रोज येऊ लागला.

चौथा पाइप मी कापला — चुकला. पुन्हा कापला — चुकला.

“पाव कप जास्त,” तो पाणी मोजत म्हणाला.

“तुमचं माप चुकतंय.”

“अहो, मापावरच माझं पोट चालतं!”

“मग एकदा पोटाचंही माप घ्या.”

त्यानं घाईघाईनं पोट आत ओढलं. मला हसू फुटलं… आणि लगेच स्वतःचा राग आला. तो गेला की मला बसवत नसे. झाडलेली जमीन पुन्हा झाडायची, नट-बोल्टचे पाने जागच्या जागी लावायचे, उगाच रस्त्याकडे बघायचं.

पाचव्या वेळी तो शेजारीच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत चुकणं जमेना. पाइप बरोबर आला.

चारही पाइप बसवून त्याच्या मशीनवर गाडी चढवली. काटा सरसर वर गेला.

“कमी वेगातच केवढी ओढतेय!” तो ओरडला. मग आवाज उतरला. “बाबांनी बघायला हवं होतं.”

मी मान हलवली. त्यानं किल्ली खिशात टाकली. “चला… झालं म्हणायचं काम.”

“थांबा. अकरा वर्षं मी बाबांच्या हाताखाली पाइप कापलेत. एकही चुकला नाही.”

“मग हे चार?”

“मुद्दाम. गाडी झाली असती, तर तुम्ही आला नसता.” मी हात फडक्याला पुसले. “बाबांच्या शेजारी उभं राहून काम करायला मला फार आवडायचं. त्यांना ते कधी सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू… राहूनच गेलं. म्हणून तुम्हाला आत्ता सांगते. तुम्ही मला आवडता.”