रिकाम्या खोलीचा आकडा

डबी मुळात साबणाची. पण लेकीने तिच्यात बोटाएवढा बोर्ड बसवला, श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर जोडला, आणि तेव्हापासून बाबा ती डबी तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी उचलायचे. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरी वायरी ओढल्या. आणि पोरगी बघा, वायरीवाचूनच आकडे पाठवते!

सध्या डबी स्टुडिओच्या तळघरातल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत होती. खोलीला खिडकी नाही, भिंतींना जाड फोम. गाणारे आत बसायचे आणि डोकं धरून बाहेर यायचे. म्हणून हा खटाटोप. हवा ताजी असली की वरच्या मजल्यावर, संगणकाच्या पडद्यावर, आकडा चारशेच्या आसपास. आत कोणी श्वास घेऊ लागलं की चढायला लागतो. आज स्टुडिओचे साहेब पास-नापास ठरवणार होते. पास झाली, तर सगळ्या खोल्यांत लेकीच्याच डब्या.

घोळ एवढाच, की खोली सकाळपासून कुलपात होती आणि आकडा नऊशे.

"तुमच्या यंत्राला भास होतात वाटतं," साहेब म्हणाले. "रिकाम्या खोलीत माणूस दाखवतंय."

लेकीचा चेहरा उतरला. बाबांची मान मात्र ताठ. "साहेब, माझ्या लेकीचं यंत्र खोटं बोलायचं नाही. खोलीच खोटं बोलत असेल."

"बाबा, गप्प बसा ना!" लेकीने दुसरी डबी त्यांच्या हातात कोंबली. "ही पहिलीच्या शेजारी ठेवा आणि दार लावून या. दोघींचे आकडे जुळले, तर चूक यंत्राची नाही."

बाबांनी तळघरात जाऊन कुलूप काढलं, तशी कोंदट ऊब अंगावर आली. कोणी रात्रभर झोपलेल्या खोलीत येते तशी. आत माईक, टेबल, एक खुर्ची. त्यांनी डबी ठेवली. खुर्चीची गादी चेपलेली होती. ते बघत असतानाच ती हळूहळू फुगून वर आली.

हात लावला. गरम होती.

बाबांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पण लेकीच्या कष्टांवर बोट ठेवणारा कोण आहे, ते बघितल्याशिवाय हलायचं नाही, असं म्हणून त्यांनी दार आतून ओढून घेतलं आणि त्याच खुर्चीत बसले.

कसलाच आवाज नव्हता. कसलाच.

खिशातला फोन वाजला.

"बाबा, आकडा उतरतोय! दोन्ही डब्यांचा!"

फोनमध्ये तिच्यामागून साहेबांचा आवाज आला, "चारशे! आता कशी रिकामी खोली रिकामी दाखवली. पास!"

"ऐकलंत ना? पास!" लेक हसत होती की रडत होती, कळेना. "कुठवर आलात? या ना लवकर वर!"

अभिमानाने बाबांचे डोळे भरून आले. यंत्र खोटं बोलायचं नाही, हे त्यांनी साहेबांना तोंडावर सांगितलं होतं.

मग त्यांनी तळहात नाकाखाली धरला, आणि श्वास लागायची वाट बघत बराच वेळ तसाच धरून ठेवला.