रपट्यावर वाचलेली गोष्ट

वैष्णवी, मिटव ते पुस्तक. भुताचं हाय म्हणून नाही म्हणत. तुह्या वयाचे पोट्टे असे पुस्तकं वाचतेच, अन् वाचाव. पण आता लाईट गेली, तुमी सारे ओट्यावर बसलेच हा, तं एक सांगतो. हे पुस्तकातलं नाही. सेवादाससंग झालेलं हाय. मी अन् तो दारव्हा-नेर लाईनवर काळीपिवळी जीप चालवू. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

सतरा सालची गोष्ट. घट बसाच्या आदली रात, बुधवार. त्या वर्सी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलती अन् अळी काही आटपे ना. लोकं दोन-तीन औषधं एकात एक कालवून फवारत. सेवादासचा पुतण्या भारत, मिसरूड फुटलेलं पोरगं, मारोतरावच्या वावरात फवाऱ्याच्या रोजीनं जाये. पऱ्हाटी उंच, फवारा सारा तोंडावर. एक दिवस वावरातच पडला. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डोळ्यानं दिसे ना त्याले.

त्याची बहीण शीला, सातवीतली. दारव्ह्याच्या विमलताई सेवादासच्या बंजारा तांड्यावरच्या पोराईले पुस्तकं वाचाले देत. शीलानं भुताच्या गोष्टीचं पुस्तक आणलतं. तेच ती भावाच्या उशाशी बसून वाचून दाखवे. तो डोळे झाकून पडला राहे अन् म्हणे, "पुढं वाच." शेवटच्या गोष्टीच्या अर्ध्यात त्याले धाप लागली... अन् गेला.

माती देऊन आठवडा नाही झाला तं मारोतराव तांड्यावर आला. भारतच्या बापापाशी, प्रेमसिंगपाशी टेकला. म्हणे, "औषध तं साऱ्याईनंच फवारलं, प्रेमसिंग. बाकीचे काहून नाही मेले? अरे, बिमार पोराच्या कानाशी भुताचं वाचते काय कोणी?"

तांड्याले ते पटलं. पटाले सोपं होतं.

प्रेमसिंग पुस्तक चुलीत घालाले निघाला. शीलाच्या मायनं, हंसाबाईनं, ते हिसकलं अन् सेवादासच्या हाती देलं. "भाऊजी, दुसऱ्याची वस्तू हाय. ताईले वापस करून या."

शीला दारातून म्हणे, "काका... भियाची गोष्ट अर्धी राह्यली." भिया म्हणजे भाऊ.

बापानं नुसतं पाह्यलं तिच्याकडं. ती आत गेली.

त्या बुधवारी जेवणं आटपून आठच्या सुमाराले सेवादास मोटरसायकलवर निघाला. पुस्तक शर्टाच्या आत. रस्त्याच्या दोन्ही अंगाले पऱ्हाटी. वारा नाही. नाल्यावरच्या रपट्यापाशी, त्या बुटक्या पुलापाशी, आला अन् गाडी मांगून दबली. कोणी बसाव, तशी.

त्याले वाटलं, चाकातली हवा गेली. गाडी स्टँडवर लावली. इंजन चालूच. चाकं दाबून पाह्यले, तं बरोबर होते. समोर येऊन वाकला, अन् लाईटाच्या मागून खोकला आला.

"कोण?"

...

"कोण हाय बे?"

"काका... पुढं वाचा ना."

लाईट डोळ्यावर. त्याच्या मागं, सीटवर, माणसाएवढा अंधार. औषधाचा वास. पळाव वाटलं, म्हणे. पाय उचले ना.

पुस्तक काढलं. शीलानं कोपरा मुडपलेलं पान सापडलं. सेवादास सातवी नापास. बसच्या पाट्या वाचणारा माणूस. हेडलाईटात पान धरून अक्षर अक्षर लावत वाचाले लागला.

गोष्ट पोराईचीच होती. विहिरीत एक भूत राहे. सारं गाव त्याले भ्याये. एक पोरगी हिंमत करते, विहिरीत वाकून इचारते, तुले कोणी मारलं? भूत नाव सांगते. पोरगी गावाले सांगते. गाव त्या माणसाले धरते. भूत निघून जाते. संपली गोष्ट.

सेवादास थांबला.



मंग...

"त्याले इचारलं तिनं."

...

"काका. मले... कोणी इचारलं?"

सेवादासचा सोताचा पोरगा बी मारोतरावकडंच फवाऱ्याले जाये. नाव ओठावर आलं, म्हणे. निघालं नाही.

खोकला. एकडाव.

सीट हळूच वर आली.

पुस्तक त्यानं विमलताईच्या हाती देलं अन् दुसऱ्या रस्त्यानं घरी आला. मले हे त्यानं सकाळी स्टँडवर सांगितलं. चेहरा राखेसारखा. म्या म्हटलं, "आता तरी बोल."

"कोणापाशी? भुतानं सांगितलं म्हणू काय?"

दिवाळीच्या आंधी फवाऱ्याच्या चौकशीवाले साहेब आले. इचारलं, "काय झालं होतं मुलाला?" प्रेमसिंग म्हणे, "बाहेरचं झालतं, साहेब." सेवादास बाजूलेच उभा होता. साहेबानं त्याच्याकडं पाह्यलं. तो खाली पाहात राह्यला. साहेब चहा पिऊन गेले. शीलाची शाळा सुटली. हाती छापलेला कागद दिसला तरी बाप मारे. पुढच्या हंगामात ती कापूस वेचाले जाऊन राह्यली होती. मारोतरावच्याच वावरात.

सेवादासनं ते मोटरसायकल इकली, नेरच्या एका माणसाले. त्याले काही सांगितलं नाही. महिन्याभरात तो गाडी ढकलत वापस घेऊन आला. म्हणे, "धुतली, पुसली, सीटचं कव्हर बदललं, औषधाचा वास काही जात नाही. तुमची तुमी ठेवा."

म्या सोता जाऊन पाह्यलं. गाडी रातभर बंद खोलीत होती. सकाळी दार उघडलं. पुढच्या सीटवर काही नाही. मागच्या सीटवर... मेलेल्या माश्या. हाताच्या ओंजळीत मावणार नाही, इतक्या.