वरचा फेरा

"झोप येत नाही म्हणता, तर ऐका. पण मग अंधारात बाहेर जायचं झालं की मला उठवायचं नाही," म्हातारा झेंडेवाला म्हणाला. गॅरेजच्या पायरीवर बसलेले तिघं शिकाऊ हसले. दिवा त्यानं आधीच मालवला होता.

हकीकत त्याच्या हाताखालच्या एका पोराची. सगळे त्याला धाकटा म्हणत, कारण त्याचा थोरला भाऊ इथंच मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचा.

शर्यतीचा रस्ता डोंगरातला. निम्म्या चढावर त्याला फाटा फुटतो. डावीकडे वळलं की आखूड फेरा, लगेच खाली. सरळ गेलं की मोठा फेरा, पार माथ्यावरून. नको असलेल्या तोंडावर प्लॅस्टिकचे कठडे ओढून लावायचे, हे धाकट्याचं काम. आखूड फेऱ्याच्या दिवशी माथ्यावर चिटपाखरू नसतं.

"आणि आमचा हा शहाणा," झेंडेवाला म्हणाला, "उद्या मोठा फेरा आहे, मग पहाटे कोण उठणार, म्हणून आदल्या संध्याकाळीच कठडे हलवून जेवायला गेला. त्याला वाटलं आखूड फेऱ्यावरचा सराव संपला. थोरला अजून रस्त्यावर होता."

"पण थोरल्याला रस्ता माहीत होता ना, काका?"

"दीडशेच्या वेगात तू विचार करत बसतोस का? तू तर सायकलवरून पडतोस. कठडे नेतील तिकडं माणूस जातो."

थोरला वर गेला. खालच्यांना वाटलं, गॅरेजात परतला असेल. माथ्याच्या तिसऱ्या वळणावर तो चाळीस मिनिटं पडून होता; सापडला तेव्हा जीव गेलेला. डॉक्टर म्हणाले, त्यातली तीस तरी शुद्धीत असणार.

त्या तीस मिनिटांनी धाकट्याला आतून पोखरलं. आईनं एकदाच विचारलं, "हाका मारल्या असतील का रे त्यानं?" तिला दोष द्यायचा नव्हता. तो भरल्या ताटावरून उठून बाहेर गेला.

वर्ष उलटलं. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, रात्रीचे अकरा चाळीस. सकाळी आखूड फेरा होता. झेंडेवाल्यानं त्याला कठडे लावायला पाठवलं. "दोनदा बघ," एवढंच म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

धाकट्यानं पाच कठडे लावले. सहावा ओढला, आणि वरून इंजिनाचा आवाज आला.

खालच्या फाटकाला कुलूप होतं. त्यानंच घातलेलं.

पहिलं वळण. गिअर खाली. दुसरं वळण. थोरला तिथं ब्रेक जरा उशिरा दाबायचा, सगळे शिव्या घालायचे. आत्ताही उशिरा. तिसरं...

मग काहीच नाही.

हातात शेवटचा कठडा. लावला की काम संपलं. खाली त्याची व्हॅन, व्हॅनमध्ये उजेड.

कठडा टाकून तो वर पळाला.

तिसरं वळण रिकामं. ना गाडी, ना माणूस. टॉर्च फिरवला. डांबर. दगड. गवत.

"दादा..."

...

"मला उशीर झाला, दादा."

...

त्यानं टॉर्च विझवला. थोरला सापडला होता तिथंच, रस्त्यावर, आडवा झाला.

"सरक जरा," तो म्हणाला. लहानपणी दोघं एका गादीवर झोपायचे, तेव्हा म्हणायचा तसं.

पायरीवर कुणी हसलं नाही.

"मग, काका?"

"मग काय. तो झोपला. वर्षात पहिल्यांदा नीट झोपला, असं म्हणाला."

सकाळी साडेसहाला झेंडेवाला स्वतः शोधत वर गेला. धाकटा वळणावर उठून उभा होता, खाली बघत. रात्रभर दव पडलं होतं. सगळा रस्ता काळाभोर, ओला. तो झोपला होता तेवढीच जागा कोरडी, डोक्यापासून टाचांपर्यंत.

तिच्या डाव्या बाजूला, वीतभर सोडून, आणखी एक कोरडी जागा होती. चार बोटं जास्त लांब.