समुद्राकडे पाठ केलेली खुर्ची

चटई गेली ती सोमवारी, सायंप्रार्थनेच्या वीस मिनिटांत. पहिला शंख वाजला तेव्हा ती हॉटेलाच्या जेवणघरात भिंतीवर होती. शेवटचा वाजला तेव्हा भिंतीवर नुसते दोन खिळे होते आणि खाली, एकाच जागी, तांबड्या पिसांचा लहानसा ढीग.

साधीसुधी चटई नव्हे. रेशमासारख्या विणीची, कडेला तांबडी पिसं ओवलेली, चार पिढ्यांची, लग्नात, मयतात आणि माफीत बाहेर निघालेली. हॉटेलाचे मालक लेओता यांनी दुसऱ्याच दिवशी राजधानीतून, आपियाहून, एतेविसेला बोलावून घेतलं.

एतेविसे पूर्वी पोलिसात होती. आता लोकांचे गुंते सोडवून देते. तिच्यासोबत तिचा दीर सिआओसी, टॅक्सीवाला. अंगाने भारी, डोक्याने सावकाश. दोन्ही मुलगे ऑकलंडला गेल्यापासून त्याला घर खायला उठायचं, म्हणून वहिनीच्या मागे हिंडायचा. समुद्र दिसला की त्याला मुलं आठवायची, आणि समुद्र दिसणार नाही अशी जागा बेटावर सापडणं कठीण.

"उद्या दुपारी गावसभा आहे," लेओता म्हणाले. "तोवर दुसरं कोणी सापडलं नाही तर मला फेतुआओचं नाव द्यावं लागेल. तिने कबूल केलंय. सभा तिला गावाबाहेर काढणार."

"कबूल केलंय, तर मला कशाला बोलावलंत?"

लेओतांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "बावीस वर्षं ती माझ्या स्वयंपाकघरात आहे. तिच्या मुलाने, ताविताने, माझ्या धाकट्या भावाला वादळात नावेतून नेलं. नाव उलटली. सेफो बुडाला आणि ताविता परदेशी पळाला. त्याच्या घरचे माफी मागायला तीन दिवस आमच्या दारात चटई पांघरून बसले. माझ्या वडिलांनी चटई उचलली नाही, म्हणजे माफी दिली नाही. म्हणाले, ज्याने नाव उलटवली तो स्वतः येऊ दे. तो आलाच नाही. त्यानंतर ही बाई कामाला यायला लागली. मी तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही."

"सोमवारी प्रार्थनेच्या वेळी आवारात कोण होतं?"

"माझी माणसं माझ्याजवळ घरात. रस्त्यावर गावचे राखणदार. शंख वाजला की जो तो असेल तिथे प्रार्थनेला बसतो, न बसेल त्याला ते दंड करतात. म्हणजे बाहेरून कोणी येणं नाही. राहिली फेतुआओ आणि दोन पाहुणे."

पहिला पाहुणा विटमन नावाचा जर्मन, उन्हाने लालबुंद झालेला.

"तीनदा विकत मागितली मी ती चटई! तीनदा नाही म्हणाले!" तो फणकारला. "पण सोमवारी मी पाण्यात होतो. शंखाकडे लक्षच गेलं नाही. दोन धिप्पाड राखणदार काठावरून शेवटच्या शंखापर्यंत ओरडत होते. वर गावाला एक पेटी डबाबंद मासळी द्यायचा दंड!"

"वहिनी, थापा मारतोय," सिआओसी कुजबुजला.

"भावजी, तो मारील. दंड करणारे कशाला थापा मारतील?"

"ती शेजारची पोरगी शहाणी," विटमन पुढे म्हणाला. "आम्ही एकाच बोटीने आलो. पहिल्या संध्याकाळी शंख वाजला तर मला हाताला धरून बसवावं लागलं. ती मात्र कोणी न सांगता मांडी घालून बसली, डोळे मिटून."

ती पोरगी म्हणजे ग्रेस, ऑकलंडची, विशीतली. वाळूवरच्या तिच्या उघड्या झोपडीत एकच खुर्ची होती आणि ती समुद्राकडे पाठ करून ठेवलेली होती. समोर दिसायचं लेओतांचं दार.

"मला इथली भाषा येत नाही," ती इंग्रजीत म्हणाली.

"वेणी छान आहे. तेलही लावलंय. कोणी घातली?"

"फेतुआओने." नाव घेताना तिचा आवाज हलला. "रोज घालते. उद्या दुपारी माझी बोट आहे." मग तिने सिआओसीला विचारलं, "त्या घरातली माणसं लवकर उठतात का?"

"सूर्याच्या आधी," सिआओसीने सांगून टाकलं. तिच्याकडे बघताना त्याच्या मनात नातीचा विचार आला. त्याच्या धाकट्याने तिकडे लग्न केलं होतं. त्याची मुलगीही उद्या अशीच दिसेल, आणि आजोबांना ओळखणार नाही.

फेतुआओ स्वयंपाकघरात नारळ खवत होती. चटया विणून विणून तिच्या बोटांवर पानांचे चरे उमटलेले होते.

"मीच घेतली," तिने मान वर न करता सांगितलं.

"कुठे आहे?"

"समुद्रात टाकली. राग आला होता."

"बरं," एतेविसे म्हणाली. "मावशी, कोको तरी पाज."

"पाजते की. तेवढे वरचे पेले काढ रे बाबा," फेतुआओ सिआओसीला म्हणाली. "माझा हात खांद्याच्या वर जात नाही." पेला त्याच्या हातात देताना तिने विचारलं, "तुझी मुलं फोन करतात?"

"दर रविवारी."

"नशीबवान आहेस," ती म्हणाली आणि पुन्हा नारळाकडे वळली.

निघताना एतेविसेने लेओतांना एवढंच सांगितलं, "पहाटे मी येईन. माझ्याबरोबर दार उघडा. चटई समोर असेल."

आणि होती. उजाडता उजाडता दारासमोरच्या ओल्या गवतावर कोणीतरी मान खाली घालून बसलं होतं, डोक्यावरून चटई पांघरून. लेओता पुढे धावले. एतेविसेने त्यांचा दंड धरला.

"आधी ऐका. विटमनवर दोन राखणदारांची नजर होती. फेतुआओचा हात खांद्याच्या वर जात नाही आणि तुमचे खिळे माझ्याही डोक्याच्या वर आहेत. शिवाय आयुष्यभर चटया विणलेली बाई चटई समुद्रात टाकील?"

"मग ती पोरगी? तिला काय करायचीय चटई?"

"मीही तेच म्हणतो," सिआओसी म्हणाला.

"पिसं एकाच जागी पडली होती. म्हणजे तिथे उभं राहून कोणीतरी नीट घडी घातली. परका माणूस चटई गुंडाळतो. घडी घालणं घरात शिकलेलं असतं. शंख वाजल्यावर खाली बसणंही घरातलंच. ही पोर आपली आहे, आणि ते लपवते आहे. एवढ्या लांबून समुद्रकाठी येते आणि समुद्राकडे पाठ करून तुमच्या दाराकडे बघत बसते. तुम्ही केव्हा उठता ते विचारते. दारात, पहाटे, चटईसकट माणूस कशाला येतं, लेओता?"

लेओतांची नजर चटईवर गेली.

"आणि फेतुआओ गावाबाहेर जायला तयार होते, ती कोणासाठी? रोज जिची वेणी घालते तिच्यासाठी. त्या पोरीत आपल्या मुलाचा चेहरा जिला ओळखता येणार नाही अशी आई कुठे असते?"

"ताविताची मुलगी," लेओता पुटपुटले. मग त्यांचा आवाज चढला. "माझीच चटई पांघरून माझीच माफी?"

"तिकडे वाढलेली पोर. चटई लागते हे बापाने सांगितलं. ती आपल्या घरची लागते, हे सांगायचं राहिलं असेल."

चटईखालून आवाज आला. अडखळत, पण त्यांच्याच भाषेत. "बाबा एप्रिलमध्ये गेले. म्हणाले होते, आधी लेओतांच्या दारात जा, मग आजीकडे. म्हणून मी तिला आजी म्हटलं नाही."

फेतुआओ स्वयंपाकघरातून आली आणि काही न बोलता नातीशेजारी गवतावर बसली. सहा दिवस केसांना तेल लावता लावता तिने नात म्हणून मारायची ही एक हाक आवरून धरली होती. सिआओसीला रडू आवरेना.

"ज्याने नाव उलटवली तो येऊ दे, असं वडिलांनी म्हटलं होतं," लेओता म्हणाले.

"तो आता येणार नाही," एतेविसे म्हणाली.

"बावीस वर्षं मी पहाटे हे दार उघडतो. कोणी बसलंय का बघायला." लेओता गवतात उतरले. चटईसमोर उभे राहिले, पण हात पुढे केला नाही. "तो बोलायचा कधी? माझ्या भावाबद्दल?"

"नाही." आवाज चटईखालूनच आला. "पण माझ्या धाकट्या भावाचं नाव त्यांनी सेफो ठेवलं. दिवसातून दहादा हाक मारायचे."

लेओतांनी चटई उचलली. खाली ताविताचा चेहरा होता, विशीतला, रडून सुजलेला. ते गुडघ्यांवर खाली बसले आणि तिच्या तेलकट केसांवर हात ठेवला.

"उठ पोरी, आजीबरोबर आत जा," ते म्हणाले. "आणि पुढच्या खेपेला सेफोला घरी आण."