कोपऱ्यातली मेथी

कॅलिस्टो उपग्रहावर, बर्फाखालच्या वसाहतीत रफिक तांबोळी हा दिव्यांचा इंजिनियर सकाळीच मान खाली घालून हरितगृहात आला.

"बाई, रागावू नका. गव्हावरचा सात नंबरचा दीपपट्टा पंधरा दिवस निम्म्या उजेडावर चालत होता. माझ्या लक्षातच आलं नाही."

हेमांगीबाई बर्वेंनी हातातली झारी खाली ठेवली. आता रागवायचंसुद्धा त्राण नव्हतं. इथे वीज मोजकीच. म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच, वसाहतीच्या वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून, नियम घातला होता: उजेड आधी पिकांना, उरेल तो माणसांना. तेव्हापासून घराघरांत कायमची तिन्हीसांज. त्या अंधुकात मोरेश्वररावांचं, त्यांच्या नवऱ्याचं, आधी वाचन सुटलं, मग बोलणं. भरपूर उजेड हेच औषध, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण घरच्या माणसासाठी नियम मोडायचा कसा? बाईंनीच नकार दिला होता.

"गहू गेला ना सगळा?"

"तेच सांगायला आलोय. वाढ इतर वाफ्यांएवढीच भरली. तीनदा वजन केलं."

"काहीतरीच! उजेड वाढला की प्रकाशसंश्लेषण वाढतं. मी स्वतः मोजलंय."

"कुठवर मोजलंत?"

बाईंना जुना आलेख आठवला. तेव्हा वसाहतीत तीनच दिवे होते. तिसऱ्या दिव्यापर्यंत आलेख सरळ चढत गेला होता, आणि पुढची रेघ त्यांनी पट्टी लावून ओढली होती.

"पानालाही पोट असतं रे," त्या हळूच म्हणाल्या. "कर्बवायू तेवढाच, पानातली यंत्रणा तेवढीच. पोट भरलं की वाढलेलं ताटात पडून राहतं. हा त्याचा तृप्तिबिंदू. निम्म्या उजेडातच भरत होतं त्यांचं पोट. अगं आई गं, अकरा वर्षं!"

रफिक दाराकडे वळला. "मग उरलेला उजेड आजच घरांकडे वळवतो. आणि ती अंधाऱ्या कोपऱ्यातली मेथी? आणू मोठ्या दिव्याखाली?"

"एकदम नको. सावलीत वाढलेलं पान थोडक्यात तृप्त होतं. भगभगीत उजेडात करपून जाईल. रोज थोडी थोडी पुढे सरकव."

घरी जाऊन बाईंनी दिव्याचं बटण पूर्ण फिरवलं. खोली लख्ख झाली.

"बंद कर गं! भाजतंय डोळ्यांना!" मोरेश्वरराव तोंड झाकून ओरडले. कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला होता.

बाईंनी घाईघाईने दिवा जवळजवळ पहिल्याएवढा मंद केला. मेथीची काळजी घेतली, आणि या माणसाची नाही. त्यांना रडू आवरेना.

"माझं चुकलं हो. पिकांना एवढा नकोच होता. तुमचा उजेड मी फुकट घालवला. आता तुमचंही त्या कोपऱ्यातल्या मेथीसारखं झालंय. तिलाही उजेड रोज थोडा थोडाच वाढवून द्यायचाय."

 मोरेश्वररावांनी तोंडावरचे हात काढले.

"मग तिला रोज जेवढा देशील," ते म्हणाले, "तेवढा मला दे."